जांभळा, गोल व सुवाच्य

परदेशात पोहोचलेली व्यक्ती खरोखर पोहोचली आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीला नसतो. रावजी ताजनपुरे यांना ही गोष्ट कुणी शिकवावी लागली नाही. एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, आणि तेवढ्या काळात टेबलावर आलेला कोणताही कागद केवळ आला म्हणून त्यांनी आला असं धरलं नव्हतं. नोंदवहीत चढला, क्रमांक पडला, गोल शिक्का बसला, की मग तो आला. तोवर तो त्यांच्या चहाच्या कपाखाली असला तरी नियमानुसार वाटेतच होता.

म्हणून दोन हजार तीन सालच्या ऑगस्टात, एका रविवारी सकाळी, नाशिक रोडच्या त्यांच्या घरी फोन वाजला आणि डेन्मार्कहून त्यांची मुलगी ज्योत्स्ना "पोहोचले" म्हणाली, तेव्हा आशाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रावजींनी विचारलं, "कशावरून?"

ज्योत्स्ना अन्नतंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या कॉलेजनं डेन्मार्कमधल्या एका विद्यापीठाशी करार केला होता. त्यात एका विद्यार्थ्याला एक सत्र तिकडे शिकायला जाता येत होतं, आणि ती एकुलती एक जागा हिला मिळाली होती. ताजनपुऱ्यांच्या घरातून शिकायला म्हणून कसारा घाट उतरलेलं आजवर कुणी नव्हतं. त्यामुळे तयारी तीन महिने चालली. आशाताईंनी कुरडया घातल्या, मेतकूट दळलं, लसणाची चटणी कुटली. रावजींनी फाइल केली.

त्या फाइलीत काय नव्हतं? जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा, चारित्र्याचा, पोलिओचे डोस घेतल्याचं कार्ड, घराचं वीजबिल, आईवडिलांच्या विवाहनोंदीचा उतारा आणि आजोळच्या मळ्याचा सातबारा. मुलगी परदेशी जाते म्हणून शिधापत्रिकेतून तिचं नाव कमी केल्याचा दाखला, आणि ते कमी करताना कुणाची हरकत आली नाही असा आणखी एक दाखला. प्रत्येकाची मूळ प्रत आणि तीन साक्षांकित प्रती. वरून लाल फीत, तिला रावजींची खास गाठ. वजन साडेचार किलो भरलं. विमानाला वीसच किलो चालतात, हे मुंबईला सहार विमानतळावर बॅग काट्यावर ठेवल्यावर कळलं, तेव्हा रावजींनी क्षणाचाही विचार न करता कुरडया बाहेर काढल्या. आशाताई तो डबा मांडीवर घेऊन परत आल्या आणि इगतपुरी येईपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

आता फोनवर रावजींनी पुढचा प्रश्न फाइलीचाच केला. ज्योत्स्नानं सांगितलं ते असं. विद्यापीठाच्या ऑफिसात किर्स्टन नावाच्या एक बाई होत्या. त्या खुर्चीतून उठून समोर आल्या, नाव विचारलं, संगणकावर टाइप केलं आणि दोन मिनिटांत खोलीची किल्ली दिली. हिनं फाइल पुढे सरकवली, तर त्यांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं, किती सुंदर बांधली आहे म्हणाल्या आणि परत दिली.

"उघडली नाही?"

"नाही, बाबा."

"मूळ प्रतीसुद्धा मागितली नाही?"

"त्यांनी फक्त विचारलं, तू ज्योत्स्ना का. मी हो म्हटलं."

रावजींना मनापासून वाईट वाटलं. मग वाईट वाटणं संपून संशय सुरू झाला. नुसतं 'हो' म्हटल्यावर जिथे प्रवेश मिळतो, तिथे उद्या नुसतं 'हो' म्हटल्यावर कुणालाही हाकलतही असतील. आशाताईंनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि पोरगी काय जेवते ते विचारलं. ती काळपट पाव आणि थंड मासळी जेवत होती. आशाताईंनी फोन ठेवल्यावर कपाटावरच्या कुरडयांच्या डब्याकडे पाहिलं आणि नंतर रावजींकडे.

सोमवारी रावजी मुलगी पोहोचल्याचं कळवायला कॉलेजात गेले. तिथल्या कार्यालय अधीक्षक साधना गायधनी मॅडम यांच्याविषयी त्यांना आदर होता. मॅडमचं टेबल स्वच्छ, पेन तीन रंगांची, आणि आवाज कधी चढत नसे. मॅडमनाही रावजींविषयी आदर होता, कारण अर्जाला समास सोडणारे पालक हल्ली राहिले नव्हते. त्यांनी रावजींना बसायला सांगून परिपत्रक वाचून दाखवलं. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यानं प्रस्थानापासून एकवीस दिवसांच्या आत रुजू अहवाल सादर करावा. त्यावर यजमान संस्थेचा जांभळा, गोल व सुवाच्य शिक्का असावा. तसा नसल्यास विद्यार्थी गेलाच नाही असं मानण्यात येईल; आणि तो इथेही वर्गात नसल्यानं दोन्ही ठिकाणी गैरहजर धरून पटावरून नाव कमी करण्यात येईल. म्हणजे ज्योत्स्नाचं वर्ष जाणार होतं.

"ती तिथं आहे, मॅडम. काल फोन आला होता."

"फोनवर शिक्का दिसत नाही, काका," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या.

हे वाक्य रावजींनी स्वतः चौतीस वर्षं निरनिराळ्या शब्दांत उच्चारलं होतं. त्यात त्यांना एकही चूक काढता आली नाही. उलट घरी येताना बसमध्ये त्यांनी ते मनाशी दोनदा घोळवलं, आणि ते आपल्या मुलीविरुद्ध आहे हे जेल रोडच्या थांब्यावर उतरताना त्यांच्या ध्यानात आलं.

पुढचे दिवस डेन्मार्कात कसे गेले, ते ज्योत्स्नाच्या फोनमधून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. किर्स्टनबाईंनी आनंदानं पत्र दिलं. सुंदर कागद, वर विद्यापीठाचं नाव, खाली निळ्या शाईत सही. शिक्का मात्र नव्हता, कारण विद्यापीठाकडे शिक्काच नव्हता. कधीकाळी होता, पण त्याला विचारायला कुणी येईना म्हणून तो संग्रहालयात दिला होता. ते पत्र नऊ दिवसांनी नाशकात आलं आणि मॅडमनी ते सौजन्यानं परत केलं. रावजींनी पाकिटावरचा टपालाचा शिक्का दाखवला. तो गोल होता. मॅडम म्हणाल्या की तो पाकीट निघाल्याचा पुरावा झाला, मुलगी पोहोचल्याचा नव्हे. शिवाय काळा आहे. फॅक्सचं विचारलं, तर फॅक्समध्ये जांभळासुद्धा काळाच येतो.

मग ज्योत्स्नानं शिक्का शोधायला सुरुवात केली. बरोबरीचे विद्यार्थी समुद्र बघायला गेले, राजवाडा बघायला गेले, आणि ही उसनी सायकल घेऊन गावभर शिक्का शोधत फिरली. ग्रंथालयात सापडला, तो चौकोनी होता. अग्निशमन दलाकडे गोल होता, पण लाल. चर्चच्या पाद्र्यानं मेणाचा देऊ केला. ज्याच्या दारात ती जाई तो तिला आत बोलावून कॉफी पाजत असे आणि शिक्का कशाला हवा ते नीट ऐकून घेत असे. सगळं ऐकल्यावर किर्स्टनबाईंनी एकदा शांतपणे विचारलं होतं, "पण तू आली आहेस. मी तुला बघते आहे. त्यांना माझ्यावर विश्वास नाही का?" ज्योत्स्नानं सांगितलं की विश्वास आहे, फक्त तो गोल लागतो.

तीन-चार दिवस असे गेले, आणि पोरगी फोनवर पहिल्यांदाच रडली. मला इथं खूप आवडतंय, बाबा, मला परत यायचं नाही, एवढंच ती म्हणाली. रावजींनी तिला धीर देण्यासाठी परिपत्रकातलं मुदतवाढीचं कलम वाचून दाखवलं. मुदतवाढीच्या अर्जावरही शिक्का लागत होता.

उपाय निघाला तो किर्स्टनबाईंच्या चार वर्षांच्या मुलामुळे. तो बालवाडीतून आला, तेव्हा त्याच्या मनगटावर एक शिक्का होता: जांभळा, गोल आणि अतिशय सुवाच्य. मध्ये एक बदक, आणि बदकाभोवती तिकडच्या भाषेत 'शाब्बास'. जी मुलं कपातलं दूध संपवतात, त्यांच्या हातावर तो मारतात. किर्स्टनबाई दुसऱ्या दिवशी बालवाडीत गेल्या, तो शिक्का अर्ध्या तासासाठी मागून आणला आणि रुजू अहवालावर दाबला. कुरिअरनं ते पाकीट विसाव्या दिवशी नाशिक रोडला पोहोचलं.

रावजींनी ते उघडलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. फोनवर मुलीनं सगळं सांगून टाकलं होतं, तरी डोळ्यांनी बघणं वेगळं. बदक ऐटीत डावीकडे पाहत होतं. नोकरीत असताना त्यांनी पेठ तालुक्यातल्या झुंबरबाई नावाच्या म्हातारीला चार वेळा घाट चढून यायला लावलं होतं, कारण तिच्या दाखल्यावरचा शिक्का गोल नसून किंचित अंडाकृती होता. आता कॉलेजातली माणसं आपल्याला काय म्हणतील, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही. आशाताई म्हणाल्या, "जा हो तुम्ही. बदक तर बदक. पोरीचं वर्ष जातंय."

ते गेले. मॅडमनी कागद उजेडात धरला. जांभळा आहे, यावर खूण केली. मग हातातली बांगडी काढून शिक्क्यावर ठेवली आणि फिरवून पाहिली. गोल आहे, यावर खूण केली. मग एकेक अक्षर वाचलं. अर्थ लागला नाही, पण नियमात सुवाच्य म्हटलं होतं, समजण्याजोगा म्हटलं नव्हतं. रावजींना राहवेना.

"मॅडम, ते मधलं जरा..." ते म्हणाले.

"बदक ना? दिसतंय मला. आपल्याकडे सिंह असतात, त्यांच्याकडे बदक असेल. ज्याची त्याची परंपरा, काका. आपण कोण हसणार?"

त्यांनी आवक क्रमांक टाकला. ज्योत्स्ना त्या क्षणी अधिकृतपणे डेन्मार्कात पोहोचली. रावजींचा जीव भांड्यात पडला. पण तोंड उघडून खरं सांगायची वेळ निघून गेली होती, हेही त्यांना कळलं. त्यांनी बिटको चौकात उतरून पाव किलो पेढे घेतले, आणि त्यातला एकही त्यांच्या घशाखाली उतरला नाही.

प्रकरण इथेच मिटायचं. पण एवढा स्वच्छ परदेशी शिक्का कॉलेजच्या इतिहासात कधी आला नव्हता. मॅडमनी त्याची प्रत काढून सूचनाफलकावर लावली आणि खाली लिहिलं: परदेशी शिक्क्याचा नमुना. यापुढे येणारे सर्व कागद याच्याशी ताडून पाहिले जातील.

ऑक्टोबरात एक गृहस्थ रावजींचं घर विचारत आले. घोटीचे गेणू भोर, भाताची गिरणी चालवणारे. त्यांचा दिनेश त्याच कॉलेजातून ऑस्ट्रेलियाला गेला होता. तिकडच्या विद्यापीठानं कागद पाठवला होता, त्यावर शिक्काही होता, पण त्यात कांगारू होतं.

"म्याडम म्हंती, ह्ये चालायचं नाय. नमुन्यात बदक हाय," गेणू टोपी हातात घेऊन म्हणाले. "लय चकरा झाल्या, साहेब. तुमच्या पोरीला बदक कुठून गावलं, तेवढं सांगा. आमच्या दिन्याचं वरीस जातंय."

रावजींनी त्यांच्या धुळकट चपलांकडे पाहिलं, आणि त्यांना झुंबरबाई आठवली. त्यांनी गेणूंना चहा दिला, आत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक अर्ज न खोडता, एका दमात लिहिला. सदर बदक हे डेन्मार्क देशाचं राजचिन्ह नसून दूध संपवणाऱ्या बालकांसाठीचं प्रोत्साहनचिन्ह आहे. त्या देशाच्या खऱ्या राजमुद्रेवर सिंह आहेत. झाल्या प्रकारास मी जबाबदार आहे. मुलीचं वर्ष जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. तरी समास त्यांनी सोडला होता.

मॅडमनी तो अर्ज दोनदा वाचला. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

"काका, सिंह आपले आहेत. त्यांनी ते वापरले असतील, तर तो दोन देशांमधला प्रश्न झाला, आपल्या पातळीवरचा नाही. आणि दुसरं म्हणजे, हे डेन्मार्क देशाच्या शिक्क्याविषयीचं निवेदन आहे." त्यांनी कागद उलटून पाठीमागे पाहिलं. "मग यावर त्या देशाचा शिक्का कुठंय?"

"कोणता शिक्का, मॅडम?"

"बदकाचा."

रावजींनी हात टेकले. बदक खोटं आहे हे सांगायला बदकच लागत होतं. ते बाहेर आले, तेव्हा गेणू भोर आशेनं उभे होते. त्यांना काय सांगावं ते रावजींना सुचेना, म्हणून ते त्यांना घेऊन कोर्टाच्या बाहेर झाडाखाली बसणाऱ्या फकिराकडे गेले. फकिरा रबरी शिक्के करून देत असे. रावजींच्या कार्यालयाचे शिक्केही त्याच्याच हातचे. ते कसं विचारावं या विवंचनेत असतानाच फकिरानं मान वर केली.

"बदक का?" तो म्हणाला. "बसा. कालपासून हे सहावं. तोंड डावीकडं ठेवतो, उजवीकडं बघणारं परत पाठवती म्याडम."

अशा रीतीनं ऑस्ट्रेलियाच्या कांगारूशेजारी एक बदक बसलं आणि दिनेश भोर रीतसर परदेशी पोहोचला. त्या हिवाळ्यात नाशकातून अमेरिका, जर्मनी, सिंगापूर असं जो जाईल तो बदकासह पोहोचत राहिला. फकिरानं बदकासाठी वेगळी पाटी लावली.

जानेवारीत ज्योत्स्ना परत आली. सायकल चालवून दमदार झालेली, काळा पाव आवडू लागलेली. तिच्याकडे विद्यापीठाचं खरं गुणपत्रक होतं, कागदात पाणचिन्ह, कुलगुरूंची सही, आणि ती वर्गात पहिली आल्याची नोंद. कॉलेजात ते 'बनावट असण्याची शक्यता नाकारता येत नाही' असा शेरा मारून परत आलं, कारण आधीच्या कागदावर बदक होतं आणि यावर नव्हतं. ज्योत्स्ना आधी हसली, मग तासभर भांडली, मग गुपचूप फकिराकडे गेली. दुपारी गुणपत्रक मंजूर झालं. तिचं वर्ष वाचलं, आणि सत्कारात प्राचार्यांनी शाल घालताना विद्यापीठाच्या काटेकोर कारभाराचं कौतुक केलं.

घरी आल्यावर तिनं ती साडेचार किलोंची फाइल वडिलांच्या पुढ्यात ठेवली. लाल फितीची गाठ होती तशीच होती.

"कुणीच उघडली नाही, बाबा. निदान आपण तरी वाचू या."

रावजींना गंमत वाटली. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो शिक्के मारले होते, हजारो तपासले होते, पण गोल आहे हे पाहिल्यावर आत काय लिहिलंय ते वाचायची कधी गरज पडली नव्हती. त्यांनी गाठ सोडली, चष्म्यावर भिंग धरलं आणि सगळ्यात वरचा उतारा घेतला. तो त्यांच्या लग्नाच्या नोंदीचा होता. हळद उतरायच्या आत त्यांनी ती नोंद करून घेतली होती आणि सव्वीस वर्षं तिचा अभिमान बाळगला होता. शिक्का जांभळा होता. गोलही होता.

"काय लिहिलंय?" आशाताईंनी विचारलं.

रावजींनी भिंग पुढे-मागे करून पाहिलं. मग त्यांनी वाचून दाखवलं, "गुरांचा आठवडे बाजार. जनावर तपासले."

"तरीच," आशाताई म्हणाल्या, आणि कुरडया तळायला उठल्या.

पुढचा कागद ज्योत्स्नाच्या जन्माचा होता. रावजींनी तो हातात घेतला, भिंग जवळ नेलं, मुलीकडे एकदा पाहिलं, आणि भिंग बाजूला ठेवून कागद न वाचताच परत आत सरकवला. गाठ मारली, ती आधीपेक्षा घट्ट.

आता तुम्हालाही कपाटातला तुमच्या जन्मदाखल्याचा तो खाकी लिफाफा आठवला असेल, आणि जाऊन बघावं असं वाटत असेल. माझं ऐका, बसून राहा. जोवर तुम्ही तो शिक्का वाचत नाही, तोवर तुम्ही रीतसर जन्मलेले आहात.